लवचिक आहार: काय घट्ट धरायचं आणि काय सैल सोडायचं

आहाराचे बहुतेक तक्ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मोडतात. एखादा समारंभ, उशिरापर्यंत लांबलेलं काम, रिकामा फ्रिज, एवढंच निमित्त पुरतं. तक्त्यात नसलेला एक पदार्थ खाल्ला की ‘आजचा दिवस गेलाच’ असं वाटतं, आणि मग तो खरोखरच जातो. या स्वभावाचा अभ्यास झालेला आहे. योआखिम वेस्टनहोफर या जर्मन संशोधकाने १९९१ मध्ये खाण्यावरच्या नियंत्रणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले: ताठर आणि लवचिक. ‘हे अजिबात नाही, ते कायमचं बंद’ असे नियम पाळणाऱ्यांमध्ये ताबा सुटून खाण्याचं प्रमाण जास्त आढळलं, तर लवचिक नियंत्रण असणाऱ्यांमध्ये कमी.

पण लवचिक म्हणजे ‘काहीही चालेल’ नव्हे. लवचिक आहारात तीन गोष्टी घट्ट धरायच्या असतात: आठवड्याच्या एकूण कॅलरी, रोजचं प्रोटीन आणि जेवणांचा ढोबळ सांगाडा. बाकी बरंच सैल सोडता येतं. हे तिन्ही कसं बसवायचं ते पुढे क्रमाने दिलं आहे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा आजार असेल, गर्भारपण किंवा स्तनपान चालू असेल, वय अठराच्या आत असेल, तर पुढचे आकडे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय वापरू नका. पूर्वी खाण्याचा मानसिक विकार झालेला असेल तर मोजमापाची ही पद्धतच टाळा. मोजणं त्या आजाराला खतपाणी घालतं.

पहिली पायरी: सुरुवातीचा आकडा काढा

विश्रांतीत शरीर किती ऊर्जा वापरतं याचा अंदाज घ्यायला १९९० चं मिफ्लिन–सेंट जिओर सूत्र चांगलं आहे.

पुरुष: (१० × वजन किलोत) + (६.२५ × उंची सेंमीत) − (५ × वय) + ५
स्त्रिया: (१० × वजन किलोत) + (६.२५ × उंची सेंमीत) − (५ × वय) − १६१

येणाऱ्या संख्येला हालचालीच्या गुणकाने गुणायचं. दिवसभर बैठं काम आणि व्यायाम नाही, तर १.२. बैठं काम आणि आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम, तर १.३७५. दिवसभर उभं राहून काम आणि वर व्यायाम, तर १.५५ किंवा जास्त. इथे बहुतेक जण स्वतःला एक पायरी वर धरतात. तासाभराचा व्यायाम खूप वाटतो, पण उरलेले पंधरा तास खुर्चीत जात असतील तर १.३७५ च धरा. कमी पडलं तर वाढवणं सोपं आहे.

उदाहरण घेऊ. वय ३४, उंची १६२ सेंमी, वजन ६८ किलो, बैठं काम, आठवड्यातून चार दिवस व्यायाम करणारी स्त्री. ६८० + १०१२.५ − १७० − १६१ = साधारण १३६०. त्याला १.३७५ ने गुणलं की १८७०. वजन स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या कॅलरींचा, म्हणजे मेंटेनन्सचा, हा पहिला अंदाज.

चरबी कमी करायची असेल तर यातून १५ ते २० टक्के वजा करा. आपल्या उदाहरणात १५५० येतात. स्नायू वाढवायचे असतील तर ५ ते १५ टक्के मिळवा, म्हणजे रोज १००–३०० कॅलरींच्या आसपास. ही वाढीव भर याहून मोठी केली तर स्नायू त्या प्रमाणात वाढत नाहीत, वाढते ती चरबी. वजन तेच ठेवून ताकद वाढवायची असेल तर मेंटेनन्सवरच राहा आणि सगळं लक्ष प्रोटीनवर द्या.

दुसरी पायरी: प्रोटीन आधी, फॅट नंतर, उरलेले कार्ब्ज

प्रोटीन दर किलो वजनामागे १.६ ते २.२ ग्रॅम. वजन उतरवताना या पट्ट्याच्या खाली जायचं नाही, कारण तुटीत, म्हणजे मेंटेनन्सपेक्षा कमी खाताना, शरीर स्नायूही मोडायला तयार असतं. पुरेसं प्रोटीन आणि वजनं उचलण्याचा व्यायाम या दोहोंनीच ते थोपवता येतं. शिवाय प्रोटीनने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि त्यातल्या २० ते ३० टक्के कॅलरी ते पचवण्यातच खर्च होतात. चरबीचं प्रमाण खूप असेल तर हा हिशेब सध्याच्या वजनावर न करता गाठायच्या वजनावर करा, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

फॅट दर किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास, दीर्घकाळ ०.६ च्या खाली नको. हार्मोन्स आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं दोन्ही फॅटवर अवलंबून असतात.

आपल्या उदाहरणात प्रोटीन १२० ग्रॅम (४८० कॅलरी), फॅट ५५ ग्रॅम (४९५ कॅलरी). १५५० मधून उरल्या ५७५. कार्ब्जच्या, म्हणजे कर्बोदकांच्या, एका ग्रॅमला ४ कॅलरी, म्हणजे साधारण १४५ ग्रॅम. फायबर दर १००० कॅलरींमागे १४ ग्रॅम, म्हणजे इथे २२.

आता हे आकडे एका रेघेवर धरू नका, पट्ट्यात ठेवा. कॅलरी १४५० ते १६५०. प्रोटीन किमान ११०. फॅट आणि कार्ब्ज आपसात हवे तसे हलू द्या. एखाद्या दिवशी फॅट ७० आणि कार्ब्ज ११० झाले तरी चरबी उतरण्यावर परिणाम होत नाही. पाकिटावरचे पोषणाचे आकडेसुद्धा अचूक नसतात, तेव्हा पाच-दहा कॅलरींसाठी जीव टाकणं व्यर्थ आहे.

पळणं, सायकल, पोहणं अशा दमसासाच्या खेळाची तयारी चालू असेल तर मात्र कार्ब्ज सैल सोडता येत नाहीत. रोज तासभर मध्यम सराव असेल तर दर किलोमागे ५ ते ७ ग्रॅम, आणि तो एक ते तीन तासांवर गेला की ६ ते १० ग्रॅम लागतात. तासा-दीड तासाहून लांब सत्रात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्ज वाटेतच घ्या. अशा काळात मोठी तूट ठेवणं म्हणजे सराव वाया घालवणं.

तिसरी पायरी: वजनकाटा नीट वापरा

बहुतेक चुका इथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

अन्न मोजायला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा घ्या. पहिले दोन आठवडे काहीही न बदलता नेहमीचंच खा आणि सगळं मोजून लिहा. चांगलं दिसावं म्हणून कमी खाल्लंत तर नोंद निरुपयोगी होईल.

तेल चमच्याने मोजू नका. एका मोठ्या चमच्यात १३–१४ ग्रॅम तेल मावतं, म्हणजे जवळजवळ १२० कॅलरी. पण परतताना ‘एक चमचा’ म्हणून ओतलेली धार सहज दोन चमचे असते. बाटली काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, तेल ओता, बाटली परत ठेवा. उणे चिन्हासह जो आकडा दिसेल तेवढे ग्रॅम गेले. पीनट बटर, मध, चीज यांनाही हीच युक्ती.

कच्चं आणि शिजलेलं यांची गल्लत हा दुसरा मोठा खड्डा. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात साधारण ३६० कॅलरी असतात. शिजल्यावर त्याचाच अडीच-तीन पट भात होतो, म्हणून १०० ग्रॅम भातात १३० च्या आसपासच उरतात. चिकन उलट: शिजताना पाणी जाऊन वजन साधारण चौथ्या हिश्श्याने घटतं. शिजलेलं चिकन मोजून कच्च्याची नोंद केली तर प्रोटीन कमी दिसतं. भात मोजून कोरड्या तांदळाची नोंद केली तर कॅलरी तिप्पट दिसतात. शक्य तिथे कच्चंच मोजा, आणि कॅलरी लिहायच्या ॲपमध्ये नोंद निवडताना ‘कच्चं’ की ‘शिजलेलं’ हे आधी बघा. वापरणाऱ्यांनीच भरलेल्या नोंदींवर तर लगेच विश्वास ठेवूच नका.

घरच्या सगळ्यांसाठी एकाच भांड्यात शिजत असेल तर असं करा. रिकाम्या भांड्याचं वजन एकदा लिहून ठेवा. आत जाणाऱ्या कच्च्या वस्तूंची बेरीज करा, समजा १६०० कॅलरी आणि ११२ ग्रॅम प्रोटीन. शिजल्यावर भांड्यासकट वजन करून भांड्याचं वजा करा, समजा २००० ग्रॅम उरले. तुमच्या ताटात ४०० ग्रॅम घेतलं तर पाचवा हिस्सा: ३२० कॅलरी, २२ ग्रॅम प्रोटीन. वेगळा स्वयंपाक करायची गरज पडत नाही, आणि एकाच घरात दोन स्वयंपाक फार दिवस चालतही नाहीत.

दोन आठवड्यांनी खरा मेंटेनन्स काढता येतो. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्या-पिण्याआधी वजन करा आणि प्रत्येक आठवड्याची सरासरी काढा. समजा रोज सरासरी २००० कॅलरी खाऊन दुसऱ्या आठवड्याची सरासरी पहिल्यापेक्षा ०.३ किलोने कमी आली. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, ०.३ × ७७०० ÷ ७ = ३३०. म्हणजे मेंटेनन्स २३३० च्या आसपास. पाणी कमी-जास्त झाल्याने यातही चूक राहते, पण सूत्राच्या अंदाजापेक्षा हा आकडा तुमच्या जवळचा आहे, आणि आठवडे वाढतील तसा तो पक्का होत जातो. घड्याळ दाखवतं त्या ‘जळलेल्या कॅलरी’ मात्र वेगळ्या मिळवू नका. ते आकडे बरेच चुकतात, आणि व्यायाम गुणकात आधीच धरलेला आहे.

चौथी पायरी: सांगाडा आणि अदलाबदल

दिवसाच्या जेवणांची संख्या तुमच्या कामाच्या वेळांवरून ठरवा. तीन असोत की पाच, फरक फारसा पडत नाही. प्रत्येक वेळी किलोमागे साधारण ०.४ ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं की झालं. उदाहरणातल्या १२० ग्रॅमची वाटणी ३५, ३५, ३० आणि मधल्या खाण्यात २० अशी होऊ शकते. सकाळी नुसता चहा-ब्रेड आणि रात्री सगळं प्रोटीन, ही सवय आधी मोडा. रात्री ८० ग्रॅम उरलेलं दिसतं आणि तेवढं एका बैठकीत खाववत नाही.

मग प्रत्येक जेवणात एक प्रोटीनचा, एक कार्ब्जचा आणि एक फॅटचा असे खण धरा, आणि भाजी-फळं सोबत. खणात काय घालायचं ते त्या दिवशी ठरवा.

साधारण २५ ग्रॅम प्रोटीनसाठी:

- चिकनचा छातीचा भाग, कच्चा ११० ग्रॅम: १३० कॅलरी
- पांढरा मासा, कच्चा १४० ग्रॅम: ११५ कॅलरी
- चार अंडी: २९० कॅलरी, दोन अंडी आणि तीन-चार पांढरी घेतली तर २०० च्या आसपास
- सोया चंक्स, कोरडे ५० ग्रॅम: १७० कॅलरी
- पाणी काढलेलं घट्ट, कमी फॅटचं दही, २५० ग्रॅम: १५०–१७० कॅलरी
- व्हे प्रोटीनचा (दुधापासूनची प्रोटीन पावडर) एक स्कूप: १२० कॅलरी

डाळी आणि कडधान्यं या यादीत मुद्दाम घातली नाहीत. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत २४ ग्रॅम प्रोटीन असतं, पण सोबत साधारण ६० ग्रॅम कार्ब्ज आणि ३५० कॅलरीही येतात. डाळ उत्तम अन्न आहे. फक्त तिला प्रोटीन आणि कार्ब्ज असे दोन्ही खण द्यायचे आणि त्या जेवणातला भात किंवा ब्रेड कमी करायचा. शाकाहारी लोकांचा हिशेब बहुतेक वेळा इथेच फसतो. शेंगदाणे आणि बदामांचंही तसंच: पीनट बटरमधून २५ ग्रॅम प्रोटीन मिळवायला ६०० हून जास्त कॅलरी मोजाव्या लागतात. त्यांना फॅटच्या खणात ठेवा.

२५ ग्रॅम कार्ब्ज म्हणजे ३२ ग्रॅम कोरडा तांदूळ, १४५ ग्रॅम कच्चा बटाटा, ४० ग्रॅम ओट्स, एक मध्यम केळं किंवा ब्रेडच्या दोन पातळ स्लाइस. भूक फार लागत असेल तर यातला उकडलेला बटाटा निवडा, तेवढ्याच कॅलरींत तो पोट चांगलं भरतो. १० ग्रॅम फॅट म्हणजे १० ग्रॅम तेल, १२ ग्रॅम लोणी, २० ग्रॅम बदाम किंवा ३० ग्रॅम चीज.

आवडीचे पदार्थ, चॉकलेट, आइस्क्रीम, तळलेलं, दिवसाच्या १० ते २० टक्के कॅलरींत बसवा. १५५० मध्ये हे १५० ते ३०० होतात. ते रोज खाण्याची सक्ती नाही, पण ते हिशेबात असले की चोरून खावे लागत नाहीत. हा वाटा ४० टक्क्यांवर गेला तर आकडे जुळूनही फायबर, लोह, कॅल्शियम मागे पडतात आणि दुपारी चारला पुन्हा भूक लागते.

पाचवी पायरी: हिशेब आठवड्याचा

१५५० × ७ = १०,८५०. खरा आकडा हा. शनिवार-रविवारी बाहेर जेवण होणारच असेल तर पाच दिवस १४५० ठेवा. दोन दिवसांना १८०० मिळतात. प्रोटीन मात्र सातही दिवस तेच. दिवसांमधला फरक याहून खूप मोठा करू नका. पाच दिवस १२०० खाऊन दोन दिवस मोकळीक, ही कल्पना कागदावर जुळते, पण शुक्रवारपर्यंत साचलेली भूक शनिवारी आकडा बघत नाही. अमेरिकन संशोधक अन्सेल कीज यांच्या १९४४–४५ च्या मिनेसोटा उपासमार प्रयोगात निरोगी तरुणांना अनेक महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांचं मन सतत अन्नाभोवतीच फिरू लागलं आणि नंतर मोकळेपणी खायला मिळाल्यावर कित्येकांचं पोट भरल्यासारखं वाटेना. भुकेने बावचळलेल्या माणसाला निश्चयाचे धडे देऊन उपयोग नसतो. त्याला आधीच्या पाच दिवसांत जास्त खायला घालावं लागतं.

बाहेर जेवताना प्रोटीनचा एक पदार्थ आधी मागवा, बाकी आवडेल ते घ्या आणि अंदाजात तेलापोटी २०–३० टक्के वाढवून लिहा. त्या दिवशीची आधीची जेवणं टाळू नका, हलकी करा. आणि जास्त खाल्लं गेलंच, तर पुढचं जेवण नेहमीसारखं, नेहमीच्या वेळी. दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर दिसेल. त्यातली चरबी थोडीच. मिठाने धरलेलं पाणी, आतड्यातलं अन्न आणि ग्लायकोजेन (स्नायू आणि यकृतात साठवलेले कार्ब्ज) यांचं ते वजन असतं. ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी सोबत साठवतो. तीन-चार दिवसांत ते उतरतं. दीड किलो चरबीसाठी मेंटेनन्सच्या वर साडेअकरा हजार कॅलरी खाव्या लागतील.

आठवड्याची तयारी करताना पूर्ण जेवणांचे डबे भरून ठेवण्यापेक्षा सुटे घटक तयार ठेवणं बरं: एक-दोन प्रोटीन, एक कार्ब्जचा पदार्थ, चिरलेल्या भाज्या. चव वेगळ्या मसाल्याने आणि चटणी-सॉसने बदलता येते. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत, उथळ डब्यांत पसरून फ्रिजमध्ये घाला; फ्रिज ५ अंशांच्या खाली हवा. तीन-चार दिवसांत संपवा, त्यापुढचं पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका. भाताची विशेष काळजी घ्या: बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, आणि भात बाहेर राहिला तर ते वाढून विष तयार करतात, जे पुन्हा गरम करून जात नाही.

सहावी पायरी: कधी बदलायचं

चरबी उतरवताना आठवड्याला वजनाच्या ०.५ टक्क्याच्या आसपास घट चांगली; १ टक्का ही वरची मर्यादा. स्नायू वाढवताना नवशिक्यांनी आठवड्याला ०.२५ ते ०.५ टक्का वाढ बघावी, मुरलेल्यांनी त्याहून कमी. पहिल्या आठवड्यातली मोठी घट पाण्याची असते, तिच्यावरून काही ठरवू नका.

वजनाची सरासरी तीन आठवडे हललीच नाही तरच बदल करा. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी या महिन्याच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच टप्प्याशी करावी. पाळीआधी साठणारं पाणी खरी घट झाकून टाकतं. बदलाआधी सात दिवस तेल, चाखणं, मुलांच्या ताटातलं उरलेलं, पेयं हे सगळं काटेकोर लिहा. बहुतेक वेळा अडलेलं वजन इथेच सापडतं. तरीही नाही, तर १००–१५० कॅलरी कमी करा किंवा रोज २००० पावलं वाढवा. तुटीत माणूस नकळत कमी हलतो, जिन्याऐवजी लिफ्ट घेतो, बसून राहतो. म्हणून पावलांचा आकडा सुरुवातीपासून लिहिलेला असावा.

काही खुणा दिसल्या तर तूट थांबवा: पाळी अनियमित होणं किंवा बंद होणं, सतत थंडी वाजणं, झोप मोडणं, उचलण्याचं वजन आठवड्यामागून आठवडा घसरणं, दिवसभर डोक्यात फक्त अन्न. मेंटेनन्सवर या. पाळी बंद झाली असेल तर डॉक्टरांकडे जा. ऊर्जा दीर्घकाळ कमी पडली की हाडंही झिजतात.

खुणा नसल्या तरी ८ ते १२ आठवड्यांच्या तुटीनंतर दोन आठवडे मेंटेनन्सवर काढा. वजन उतरल्यामुळे तो आकडा आधीपेक्षा कमी असेल. नव्या वजनाने पुन्हा काढा. वाढवलेल्या कॅलरी मुख्यतः कार्ब्जमधून द्या. पहिल्या आठवड्यात किलोभर पाणी परत येईल, ते अपेक्षितच आहे.

सातवी पायरी: काट्यापासून सुटका

मोजणं कायमचं नसतं. दोन-तीन महिन्यांनी डोळ्याला प्रमाण कळू लागतं. तेव्हा ताट वाढून आधी अंदाज लिहा, मग वजन करा. आठवडाभर अंदाज १०–१५ टक्क्यांच्या आत येत असेल तर भात, भाज्या, फळं मोजणं सोडा. तेल आणि दाणे सर्वांत शेवटी सोडा, त्यांत डोळा सगळ्यात जास्त फसतो. त्यानंतर फक्त प्रोटीनची मनातल्या मनात बेरीज ठेवा आणि सकाळचं वजन आठवड्यातून तीन-चारदा करा.

गाठलेल्या वजनाच्या वर-खाली एक-एक किलोचा पट्टा ठरवून ठेवा. सरासरी सलग दोन आठवडे पट्ट्याबाहेर गेली, तर एक आठवडा पुन्हा सगळं मोजून लिहा, कुठल्या खणात भर पडली ते शोधा, तेवढाच खण दुरुस्त करा आणि काटा परत कपाटात ठेवा.